अलंकार, औचित्य आणि एक वेगवान एसयूव्ही

गुण हे रसाचे धर्म आणि अलंकार हे हारादी आभूषणांसारखे बाहेरून शोभा वाढवणारे, हा मम्मटाचा भेद आपण वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. पोर्शे कायेनसारखी वेगवान एसयूव्ही मागवताना ग्राहकापुढे पर्यायांची जी लांबलचक यादी येते, तीही याच दृष्टीने वाचावी, असे आम्हांस वाटते.

२०२३ साली सुधारलेल्या कायेनला मुळात २० इंची चाके आहेत; जादा पैसे मोजल्यास २२ इंची मिळतात. चाक मोठे झाले की टायरची कड अरुंद होते आणि खड्ड्यांचे हादरे आसनापर्यंत पोहोचतात. हा गुणाला मारणारा अलंकार. याउलट, २०१७ मध्ये आलेले पांढरे ब्रेक-कॅलिपर पाहावेत. ब्रेकच्या तबकडीवर टंगस्टन कार्बाइडचा लेप असल्याने धूळ फार कमी उडते, म्हणूनच तो पांढरा रंग टिकतो. येथे शोभा गुणातूनच जन्मते.

मग निव्वळ सौंदर्याला काहीच मोल नाही काय? आहे, आमचा आग्रह केवळ क्रमाचा आहे. एअर सस्पेन्शन किंवा मागची चाके वळवणारी यंत्रणा मागाहून बसवणे जवळजवळ अशक्यच. पैसे आधी तेथे खर्चावेत. रंग, पट्टे, आसनावरची नक्षीदार शिलाई त्यानंतर. क्षेमेंद्राने औचित्यालाच काव्याचे जीवित मानले. मेखला कितीही मोलाची असली तरी तिची जागा गळा नव्हे, एवढे भान यादीवर खूण करणाऱ्या हातालाही असावे.