कपड्यात माया आहे का?

आत्ता तुमच्या अंगात जो टॉप किंवा शर्ट आहे, तो धुवायला टाकण्याआधी एकदा आतून उलटा करून बघा. बाजूच्या शिवणीपलीकडे किती कापड उरलंय? बहुतेक स्वस्त रेडिमेड कपड्यांत ओव्हरलॉक केलेली एक बारीक पट्टी दिसेल, बस. आता आईचा किंवा मावशीचा टेलरकडून शिवलेला ब्लाउज बघा. त्यात दोन्ही बाजूंना चांगलं इंचभर कापड आत सोडलेलं असतं आणि शेजारी शेजारी दोन-तीन टिपा मारलेल्या असतात. अंग भरलं की एक टीप उसवायची, ब्लाउज पुन्हा बसतो. टेलर या जास्तीच्या कापडाला मार्जिन म्हणतात. आपल्या शिवणकामातला शब्द आहे 'माया'.

सस्टेनेबल फॅशनवर हल्ली इतकं बोललं जातंय, पण या मायेबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे.

आधी जगात काय चाललंय ते बघू. न विकले गेलेले कपडे आणि बूट नष्ट करायला युरोपियन युनियनने मोठ्या कंपन्यांना मनाई केली आहे. ती लागू होण्यासाठी तारीख ठरली १९ जुलै २०२६. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून एक योजना आहे. योजनेतल्या दुकानात कपडे किंवा चपला दुरुस्त करून घेतल्या, तर बिलात ६ ते २५ युरोंपर्यंत सूट मिळते. म्हणजे उसवलेलं अस्तर शिवून घ्यायला सरकारी धोरणाचा आधार!

आणि आपल्याकडे? २०२० मध्ये बंदी आलेलं 'शीन' २०२५ मध्ये रिलायन्सचा हात धरून परत आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी झाला. आधी ही सवलत १,००० रुपयांपर्यंतच होती. विद्यार्थ्यांच्या खिशाला हे बरंच आहे, त्यात वाद नाही. पण नवीन कपडा स्वस्त करायला जेवढा जोर लावला जातो, तेवढा जुना कपडा टिकवायला लावला जात नाही, हेही दिसतंच.

आपली चर्चा बहुतेक वेळा कापडापाशी थांबते. ऑरगॅनिक कॉटन आहे का? रिसायकल्ड पॉलिस्टर आहे का? टॅगवर हिरवं पान आहे का? कापड महत्त्वाचं आहेच. एका कॉटन टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, हा अंदाज तुम्हीही वाचला असेल. पण जुने कपडे रिसायकल होतीलच, असं धरून चालू नका. जगभरातले टाकून दिलेले कपडे हरियाणातल्या पानिपतला येतात, त्यांचा धागा काढून ब्लँकेट्स बनतात. तिथेही अडचण येते ती मिश्र कापडाची. तुमच्या स्ट्रेचेबल जीन्समध्ये कॉटन, पॉलिस्टर आणि इलॅस्टेन एकत्र असेल, तर ते पुन्हा वेगळं करणं फार अवघड असतं. म्हणून कपडा आहे तसाच जास्त वर्षं वापरणं हा सगळ्यात साधा उपाय. त्यासाठी तो मुळातच उसवता, वाढवता, बदलता येईल असा शिवलेला हवा.

असा विचार शिवणाऱ्या माणसालाच सुचतो. अमेरिकन डिझायनर क्लेअर मॅकार्डेलचं उदाहरण घ्या. १९०५ चा जन्म. लहानपणी आईच्या फॅशन मासिकांतली चित्रं कापून बाहुल्या करायची, घरी येणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे बघत शिकायची. १९२०च्या दशकात शिकायला पॅरिसला गेली, तेव्हा तिने मोठ्या डिझायनर्सचे सॅम्पल कपडे विकत घेतले आणि ते कसे शिवलेत हे कळावं म्हणून चक्क उसवले. पुढे १९३४ मध्ये तिने पाच सुटे कपडे असे बनवले, की ते आलटून पालटून एकमेकांवर घालता येतील. आज रील्समध्ये 'कॅप्सूल वॉर्डरोब' म्हणून जे दाखवतात, ते हेच. १९४२ चा तिचा 'पॉपओव्हर' ड्रेस गुंडाळून बांधायचा होता आणि किंमत होती ६.९५ डॉलर. बांधायचा म्हटल्यावर एकाच मापात अडकायची गरज नाही. शिवाय बायकांच्या कपड्यांना खरेखुरे खिसे! शिवणाची आवड आणि 'व्हर्सटाइल' डिझाइन यांचं नातं ते हे असं.

आपल्याला हे नवीन नाही. मुलगी उंच होईल म्हणून परकराला खाली टक घालायचे आणि दरवर्षी एक उसवायचा. नऊवारी तर शिवायचीच नसते, ती कुठल्याही मापाला बसते. जुन्या साड्या एकावर एक ठेवून धावदोरा घातला की गोधडी. पण यात उगाच रमायला नको. ही काटकसर बहुतेक घरांत हौसेने नव्हे, गरजेने आली होती. आणि ते काम बायकांच्याच अंगावर पडायचं.

आता तुम्ही म्हणाल, 'अल्टरेशनला जेवढे पैसे जातात, त्यात थोडी भर घातली तर नवीन टॉप येतो!' बरोबर आहे. पण हा प्रश्न उलटा विचारून बघा. तुमच्या कोपऱ्यावरचा टेलर महाग आहे, की तो टॉप वाजवीपेक्षा स्वस्त आहे? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली. त्यात १,१०० हून जास्त माणसं गेली, त्यातले बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. स्वस्त टॉपच्या किमतीत हे धरलेलं नसतं.

एकट्याने सुई-दोरा हातात घेतला म्हणून कंपन्यांचं अतिउत्पादन थांबणार नाही, हे खरंय. त्यासाठी कायदेच हवेत. तरी शिवण येणाऱ्या ग्राहकाला फसवणं अवघड असतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बटण लावायला शिकलेले आपण किती जण आता ते लावतो? गंमत म्हणजे घरचं शिवणकाम 'मुलींचं' आणि दुकानातला टेलर मात्र बहुतेक वेळा पुरुष! सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीही आहेत. त्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पण मशीन आलं तरी गिऱ्हाईक कुठून येणार? ते आपल्यालाच व्हावं लागेल. आणि फेस्टसाठी लाखांची स्पॉन्सरशिप आणणाऱ्या कॉलेजांना एक शिवणयंत्र कॅम्पसवर ठेवणं काही जड नाही.

तोवर पुढच्या खरेदीला ट्रायल रूममध्ये आरशात बघून झालं की कपडा उलटा करा. शिवणीत माया आहे का? खालची पट्टी उसवून लांबी वाढेल का? तुमच्याकडच्या निदान तीन कपड्यांबरोबर तो जाईल का? तिन्हीचं उत्तर 'नाही' आलं, तर टॅगवर काहीही लिहिलेलं असो, तो हँगरवर परत लावा.