फी माफ झाली, पण मुलगी घरी बसली

आमच्या नात्यातली एक मुलगी बारावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात जाऊ लागली. शिष्यवृत्तीचा अर्ज मीच भरून दिला होता. पैसे मंजूरही झाले. पण दुपारची एसटी बंद झाली आणि संध्याकाळच्या गाडीने घरी पोहोचायला रात्र होऊ लागली. अब्बा म्हणाले, "बस झालं शिक्षण." पुढच्या वर्षी तिचा निकाह झाला. कॉलेजातून कोणी साधी चौकशीही केली नाही. त्या अब्बांना दोष देऊन आपण मोकळे होतो. मीही झालो होतो.

अलीकडे अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या कॉलेजांविषयी वाचताना ती मुलगी पुन्हा आठवली. तिथे 'रिझर्व्हेशन' म्हणजे राखीव जागा नव्हे, तर जमातीसाठी राखून ठेवलेला प्रदेश. त्यातला सर्वांत मोठा नवाहो लोकांचा. तो आपल्या महाराष्ट्राच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा आहे. हजारो घरांत अजून वीज नाही. १८६८ च्या तहात अमेरिकन सरकारने दर तीस मुलांमागे एक शिक्षक देण्याचे कबूल केले होते. पुढे शाळा आल्या, पण मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या. निवासी शाळांत त्यांचे केस कापले जात आणि स्वतःची भाषा बोलले तर शिक्षा होई.

तहाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, १९६८ साली, नवाहोंनी स्वतःचे कॉलेज काढले. जमातीने काढलेले आणि जमातीनेच चालवलेले हे तिथले पहिले कॉलेज. आज ते दीने कॉलेज म्हणून ओळखले जाते. इतर विषयांबरोबर तिथे नवाहो भाषा आणि इतिहास शिकवतात, शिक्षक तयार करतात. ज्या भाषेसाठी आजोबांनी मार खाल्ला, त्याच भाषेच्या परीक्षेत नातू गुण मिळवतो. आता अशी तीसहून अधिक कॉलेजे आहेत.

त्यांचा पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. अमेरिकेतली इतर कम्युनिटी कॉलेजे बरीचशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात. राखीव प्रदेशातल्या विश्वस्त जमिनीवर तो कर बसत नाही, म्हणून केंद्र सरकारकडे पाहावे लागते. नवाहो कॉलेजसाठी १९७१ साली आणि इतरांसाठी १९७८ साली कायदा झाला. १९७८ च्या कायद्यातले अनुदान फक्त मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मिळते. शेजारच्या गावचा गोरा मुलगा प्रवेश घ्यायला आला तर त्याच्यासाठी या कायद्याखाली एक डॉलरही येत नाही. तरीही ही कॉलेजे त्याला परत पाठवत नाहीत. हा पैसा खैरात नाही, आमच्या जमिनीच्या बदल्यात दिलेल्या वचनाची ती फेड आहे, असे हे लोक ठामपणे सांगतात.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. या कॉलेजांत निम्म्याहून अधिक विद्यार्थिनी आहेत आणि अनेकजणी आई झालेल्या आहेत. म्हणून कित्येक ठिकाणी पाळणाघर आहे, प्रवासखर्चाला मदत आहे, गाडी बिघडली किंवा घरात धान्य संपले तर तातडीची रक्कम देण्याची सोय आहे. मुलगी कॉलेज का सोडते याचे उत्तर फीच्या पावतीत सापडत नाही, हे त्यांना कळले आहे. कारण कॉलेज चालवणारे त्याच वस्तीतले आहेत.

आपण काय करतो? २०२२ साली मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली, पहिली ते आठवीची शिष्यवृत्तीही बंद झाली. त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. तो हक्क आहे आणि हक्क मागताना मान खाली घालायचे कारण नाही. पण राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्याला स्वतःच्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्कही दिला आहे. त्याचे आपण काय केले? काही संस्थांनी खरोखर पिढ्या घडवल्या. अनेक ठिकाणी मात्र 'अल्पसंख्याक' हा शब्द फक्त पाटीवर आहे. आत डोनेशन आहे, ट्रस्टींचे भांडण आहे. मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही, मग पाळणाघर कुठून असणार?

यावर कोणी म्हणेल, ती अमेरिका, तिथे पैसा आहे. पण त्या कॉलेजांच्या इमारतीही गळतात, त्यांचेही अनुदान अपुरे पडते. फरक हा, की गळक्या छपराखालीही ते आधी विद्यार्थ्याची अडचण विचारतात.

आपल्या ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा: गेल्या वर्षी किती मुलींनी कॉलेज सोडले आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले? जकातीच्या पैशातून गरजू मुलींच्या प्रवासाची सोय कशी करता येईल, हे उलेमांना विचारावे. आमच्या त्या मुलीसाठी एक व्हॅन पुरेशी होती. ती विचारायला आम्हाला सरकारची परवानगी लागत नव्हती.