जुन्या गावात जेसीबी लावण्याआधी : सिंदखेडराजाच्या नागरिकांना जाहीर आवाहन



पाऊस उघडला की बांधकामांचा हंगाम सुरू होईल आणि जेसीबी पुन्हा जुन्या गावात शिरतील. म्हणून हे आवाहन आत्ताच. आपल्या गावठाणात काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं, बोलत कुणीच नाही. वारसांच्या वाटण्या होऊन वाडा रिकामा पडतो. एका पावसाळ्यात धाबं गळतं, दुसऱ्यात भिंत बसते, तिसऱ्याची वाट न पाहता सौदा होतो. सागवानी खांब आणि तुळया एका गाडीत जातात, जोत्याचा घडीव दगड दुसरीत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी माती ट्रॅक्टरने गावाबाहेर खड्डे बुजवायला. मोकळ्या झालेल्या जागेत खाली शटरचे गाळे उभे राहतात, वर दोन-तीन मजले चढतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून आपल्या गावातल्या जागेला गिऱ्हाईक वाढलं, त्याचा आनंदच आहे. पण त्या पैशाचा पहिला घाव गावठाणावर का पडावा? महामार्गालगत सावरगाव माळ भागात सरकारने आख्खं नवनगर आखलं आहे, गावाबाहेर प्लॉट आहेत, मोकळी रानं आहेत. तरी मजले चढतात ते दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत अशा बोळांत.

आमचा मूळ मुद्दा मात्र मजल्यांचा नाही, पायाचा आहे. जून २०२४ मध्ये राजे लखुजीराव जाधव यांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाचं काम चालू होतं. तिथे आधी शिवमंदिराचे अवशेष लागले. आणखी खाली गेल्यावर, सुमारे सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. १.७० मीटर लांब, एक मीटर उंच, पायाशी लक्ष्मी, मागच्या पटावर समुद्रमंथन. देशभर बातम्या झाल्या, दर्शनाला रांगा लागल्या. आता हिशेब करा. सव्वादोन मीटर म्हणजे सात-साडेसात फूट. तीन मजली घराच्या कॉलमचे खड्डे पांढरी ओलांडून मुरूम लागेपर्यंत साधारण तेवढेच खोल जातात. समाधीपाशी ते थर खुरप्याने आणि ब्रशने, फोटो काढत, मापं घेत उघडले गेले. आपल्या वस्तीत तितकाच खोल थर जेसीबीचा बकेट एका सकाळी उपसतो, आणि ट्रॅक्टरमध्ये काय गेलं हे ड्रायव्हरलाही माहीत नसतं. समाधी, नीळकंठेश्वर, राजवाडा, रंगमहाल, काळाकोट, पुतळा बारव, मोती तलाव, चांदणी तलाव एवढं सगळं ज्या गावात आहे, त्या गावाचा इतिहास स्मारकाच्या तारेच्या कुंपणापाशी थांबत असेल, असं कुणाला खरंच वाटतं का?

आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातल्या भोनला डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं, तेव्हा पूर्णेकाठच्या साध्या शिवारातून स्तूप आणि प्राचीन विहिरी निघाल्या. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापारी माणसाने गावच्या मातीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. एका माणसाने तेरसाठी जे केलं, ते जिजाऊंच्या जन्मगावाला मिळून करता येऊ नये?

आणि हा प्रश्न फक्त इतिहासाचा नाही, शेजाऱ्याच्या छपराचाही आहे. जुन्या गावात भिंती सामायिक असतात. एक घर पाडलं की शेजारची मातीची भिंत, जिने कधी पाऊस अंगावर घेतला नाही, उघडी पडते. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा मारतो, तो ओल आतच कोंडतो आणि भिंत आतून भुसभुशीत होते. शेजारी कॉलमचा खड्डा तिच्या पायाखालून गेला तर विचारायलाच नको. वर जुना रस्ता न खरवडता त्यावर काँक्रीटचे थर चढत गेले, ओटे रस्त्याखाली गेले आणि गटाराचं पाणी ओसरीत आलं. मग तोच शेजारी म्हणतो, आता हेही पाडलेलं बरं. घर मोडत नाही, मोडायला लावलं जातं.

आम्हाला उत्तर ठरलेलं आहे : घर आमचं, जागा आमची, तुम्ही कोण? जागा तुमचीच. पण शेजाऱ्याची भिंत तुमची नाही, आणि पायाखालचा ठेवाही एकट्या तुमचा नाही. दुसरं म्हणतात, वस्तू सापडल्याचं कळवलं तर सरकार घर ताब्यात घेईल. ही नुसती आवई आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, लपवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि सरकारने वस्तू घेतली तर किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. त्यात गरिबाची पडकी भिंतही अडकते. घरकुलाचे अडीच लाख मंजूर होऊनही ज्याला वीट लावता येत नाही, त्याच्याशी आमचं भांडण नाही, आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. दुरुस्ती आणि नूतनीकरणाला कायद्यात रीतसर परवानगीची वाट आहे. ती वाट त्याला कुणी दाखवत नाही. आणि ज्याला नियम पाळायचेच नाहीत तो रातोरात स्लॅब टाकून मोकळा होतो. प्रामाणिक माणूस गळक्या छपराखाली आणि मुजोर माणूस तिसऱ्या मजल्यावर, हा कुठला न्याय? विकासाच्या आड येता, हे तर आम्ही ऐकूनच घेणार नाही. अहमदाबाद २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर झालं ते तिथल्या पोळांमधली, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधली, लाकडी घरं टिकली म्हणून, आणि घर जपणाऱ्याला तिथे विकता येण्याजोगे विकास हक्क मिळतात. आपल्याकडे बक्षीस फक्त पाडणाऱ्याला.

आता कामाचं. वाडा पाडायचा ठरला असेल तर आधी आम्हाला निरोप द्या. आमच्या गटात गवंडी आहेत, सुतार आहेत, नकाशे काढणारी मुलं आहेत. पैसे न घेता मापं घेतो, फोटो काढतो, आणि पुष्कळदा वाडा पाडण्यापेक्षा धाबं बदलून वाचवणं स्वस्त पडतं हेही दाखवून देतो. पाया खोदताना शेवटचे थर मजुरांकरवी काढा, घरचं एक माणूस उभं ठेवा. विटांची रांग, खापरं, घडीव दगड दिसला की काम थांबवा आणि नगर परिषद, तहसील व पुरातत्त्व विभागाला कळवा. शेजाऱ्याला आगाऊ सांगा, त्याच्या भिंतीला टेकू द्या. सदनिका घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं : ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प महारेरात नोंदवावा लागत नाही. म्हणजे गावठाणातल्या बहुतेक इमारतींत तुमच्या पाठीशी महारेराची नोंदणी नसते. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. रस्ता करणाऱ्या ठेकेदाराला जुना थर खरवडायला लावा, त्यासाठी गल्लीने मिळून उभं राहा.

नगर परिषदेकडे आमच्या तीन मागण्या आहेत : गावठाणातल्या जुन्या वास्तूंची वारसा यादी करावी, पायाखोदाईच्या परवानगीत देखरेखीची अट घालावी, आणि दुरुस्तीच्या अर्जांसाठी मदत कक्ष उघडावा. आपल्याकडच्या केंद्र-संरक्षित स्मारकांचे वारसा उपविधी, म्हणजे त्यांच्या भोवतालच्या बांधकामाचे नियम, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे कुठल्या टप्प्यावर आहेत, हे माहिती अधिकारात विचारण्याचा अर्ज तयार आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागेल. जिजाऊ जयंतीला, १२ जानेवारीला, राजवाड्यासमोर फेटा बांधून उभे राहणाऱ्या प्रत्येकाची सही या मागण्यांच्या निवेदनावर हवी. घोषणा द्यायला लाखो आणि सही करायला कुणी नाही, ही शरमेची गोष्ट आहे. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता राजवाड्यासमोर जमू. येताना आपल्या घराचा मिळकत उतारा, असेल तर घराचा जुना फोटो आणि गल्लीतल्या पडीक वाड्यांची नावं लिहून आणा. गल्लीवार यादी तिथेच बसून करायची आहे.