गोळी आणि विश्वास : मराठी मंडळ्यांच्या पाळकांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, फादर आणि मंडळीचे वडीलजन,



रविवारी उपासनेत तुम्ही प्रार्थनेच्या विनंत्या वाचता. कुणाचा बायपास, कुणाचं डायलिसिस, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची बारावी. नावानिशी वाचता, आणि सगळी मंडळी त्यांच्यासाठी डोळे मिटते. ‘अमक्या बहिणीवर नैराश्याचे उपचार चालू आहेत, तिला प्रार्थनेत आठवा’ असं मात्र मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. अशी माणसं मंडळीत नाहीत असं थोडंच आहे! २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं. दोनशे माणसांच्या मंडळीत किती जण, हिशेब तुम्हीच करा.

मी नर्स आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत आपल्याच बाकांवरची माणसं मला भेटतात आणि ओळख पटली की मान खाली घालतात. एक बाई गोळ्या पट्टीतून काढून बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत भरून नेत. त्यांच्या घरी दर बुधवारी प्रार्थनासभा भरायची. कपाटावर पट्टी दिसली तर बाया काय म्हणतील, ही त्यांना धास्ती. शुगरची गोळी त्याच कपाटावर उघडी पडलेली असे, तिची लाज कुणालाच नव्हती.

ही लाज आली कुठून? बरीचशी तुमच्या व्यासपीठावरून आली. कठोर वाटेल, पण मला हे लिहायलाच हवं.

साक्षीची वेळ आठवा. एक भाऊ उभा राहतो, म्हणतो, “मी डोक्याच्या गोळ्या फेकून दिल्या, प्रभूने मला मोकळं केलं.” मंडळी ‘हालेलुया’ म्हणते, टाळ्या वाजवते. त्याच बाकावर बसलेला एखादा पोरगा त्या रात्री स्वतःच्या गोळ्या बंद करतो. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या पोराचं काय झालं, याची साक्ष कुणी देत नाही. ते आम्ही पाहतो. चक्कर, मळमळ, अंगातून वीज गेल्यासारखे झटके, झोप उडालेली, आणि मग आजार पुन्हा डोकं वर काढतो. नैराश्यावरची ही औषधं डॉक्टरला विचारून, हळूहळू कमी करत सोडायची असतात. बरं वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त चालू ठेवावी लागतात.

सुरुवातीचा काळ तर याहून नाजूक. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकतो : पोट ढवळणं, डोकं दुखणं, जीव घाबरा होणं. तरुण मुलांच्या मनात या दिवसांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे गोळीचा गुण आलेला नाही, त्रास तेवढा जाणवतोय, आणि रोगी हातात पट्टी घेऊन घेऊ की नको करत बसलाय. नेमका याच वेळी तो तुमच्याकडे येतो. तुम्ही “प्रभूवर भरवसा ठेव, या गोळ्यांची काय गरज?” एवढंच म्हणालात तरी पुरतं. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं समजावलेलं त्या एका वाक्याने पुसलं जातं. आणि “डॉक्टरांनी दिलंय ना, मग घे, मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो” असं म्हणालात, तर तो पुढचा महिना निभावून नेतो.

तुम्हाला आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. विनाकारण अपराधी वाटणं हे नैराश्याचं एक लक्षणच आहे. मी पापी आहे, देवाने मला टाकलंय, माझी प्रार्थना छतापर्यंतही पोचत नाही, हे विचार आजारच त्या माणसाच्या मनात भरवतो. अशा माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ म्हणून सांगणं म्हणजे आजाराच्याच बाजूने साक्ष देणं. चिंतेच्या आजाराचंही तसंच. ‘चिंता करू नका’ हा फिलिप्पैकरांना लिहिलेला उपदेश आहे. छातीत धडधड सुरू होऊन रात्री तीनला उठून बसणाऱ्याला तो आज्ञेसारखा फेकून मारला, की त्याच्या चिंतेत आणखी एका पापाची भर पडते.

व्यसन लागेल ही भीतीही मोठी आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि शक्यतो थोडेच दिवस घ्यायच्या. वर सांगितलेल्या नैराश्यावरच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. प्रत्येकाला गोळी लागतेच असंही नाही. सौम्य त्रासात समुपदेशनानेही गुण येतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, संजीवन सभेतल्या पाहुण्या वक्त्याने नव्हे.

शास्त्र तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचता. तरी हिज्कीया राजाची गोष्ट पुन्हा वाचा, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली. राजा रडून प्रार्थना करतो, देव ऐकतो, पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून देतो. वचन मिळाल्यावर यशया काय सांगतो? अंजिरांचा लेप आणा, गळवावर लावा. देवाने बरं करायचं ठरवल्यानंतरही लेप लागलाच, आणि त्याने राजाचा विश्वास कुणाला कमी वाटला नाही.

स्टॅन्ली जोन्स यांचं नाव तुम्ही घेता. १९०७ साली ते मिशनरी म्हणून भारतात आले. कामाच्या ताणाने ते पुन्हा पुन्हा खचले, आणि लखनौमध्ये प्रार्थना करताना आपल्याला आरोग्य मिळालं अशी साक्ष त्यांनी जन्मभर दिली. प्रार्थनेने बरं झालेल्या या माणसाने पुढे काय केलं? १९५० साली त्याच लखनौत नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र सुरू केलं. आपल्याला बरं केलं ते देवाने आणि इतरांना लागतो तो डॉक्टर, या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्याकडे मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४पासून उभं केलेलं रुग्णालय, आणि आपली मुलं शिकायला जातात ते वेल्लोरचं वैद्यकीय महाविद्यालय, या सगळ्या मंडळीच्याच सेवा. वेल्लोरच्या मानसोपचार केंद्रात तर रोग्याबरोबर घरच्यांनी राहण्याची जुनी पद्धत आहे. औषधोपचार खेड्यापाड्यांत नेणाऱ्या मंडळीने मेंदूच्या आजाराला त्यातून वगळावं, याला शास्त्राचा कसलाही आधार नाही.

माझ्या विनंत्या साध्या आहेत. कुणालाही गोळ्या बंद कर असं सांगू नका, आणि व्यासपीठावरून कुणी सांगितलं तर त्याच जागेवरून दुरुस्त करा. उपास-प्रार्थनेच्या आणि लेंटच्या दिवसांत जाहीर सांगा की औषधाने उपास मोडत नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर नोटीस बोर्डावर लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. कुणी मरणाची भाषा बोलला तर प्रार्थना करा, पण त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.

येत्या रविवारी विनंत्या वाचताना, कुणाचंही नाव न घेता, एवढं म्हणा : आपल्यातले काही जण नैराश्यावर आणि चिंतेवर औषध घेत आहेत, ते विश्वासात कमी नाहीत, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू. हे आम्ही ओपीडीत रोज सांगतो. आमचं सांगणं पुरत नाही, ते तुमच्या तोंडून यायला हवं.

आपली,
मंडळीतील एक बहीण