टॉर्च धरण्यापलीकडे आम्हालाही येते

आम्ही दोघे बहीण-भाऊ मोठ्या वर्गात आहोत. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी आम्ही वर्गाला आलो नाही. बाईंना आम्ही "गाडी बिघडली" असे सांगितले. ते पूर्ण खरे नव्हते. आमच्याच घरच्या घाईमुळे एक बोल्ट तुटला होता. त्याबद्दल थोडे लिहायचे आहे. मोठ्यांनी रागावू नये.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता बाबांनी मागचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बदलायला घेतले. "तासाभराचे काम आहे," म्हणाले. उजवीकडचा खालचा बोल्ट हलेना. मग त्यांनी पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि सगळा जोर लावला. कडकन आवाज झाला. आम्हाला वाटले, सुटला! पण बोल्टचे डोके तुटून खाली पडले होते आणि बाबांच्या बोटांची सालटी निघाली होती. लगेच हुकूम सुटला, "तुम्ही दोघं आत जा!" तोपर्यंत आमचे काम फक्त टॉर्च धरण्याचे होते.

आमच्या सबडिव्हिजनमधले एक काका पूर्वी पिंपरीच्या कारखान्यात होते. ते संध्याकाळी आले आणि उरलेला तुकडा ड्रिलने काढून दिला. जाताना म्हणाले, "अरे, गंजलेल्या बोल्टशी कुस्ती खेळू नये. त्याला वेळ द्यावा."

आपण डेट्रॉइटकडे राहतो. या शहराखाली सुमारे १२०० फूट खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात. खाऱ्या पाण्याने लोखंड लवकर गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आट्यांमध्ये तो ठासून बसतो. अशा वेळी नुसती ताकद लावली तर आटे सुटायच्या आधी बोल्टच तुटतो.

डावीकडचा बोल्ट आम्ही काकांच्या पद्धतीने काढला. गाडी आठवडाभर ड्राइव्हवेतच होती. बुधवारी आम्ही तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि झिरपणारे तेल मारले. गुरुवारी, शुक्रवारी पुन्हा मारले. समईची वात तेल वर ओढते तसेच हे तेल बारीक फटीत शिरते. त्याला केशाकर्षण म्हणतात. शनिवारी सहा कोनांचा सॉकेट घेतला, कारण बारा कोनांचा झिजलेल्या डोक्यावरून निसटतो. हातोडीने चार ठोके दिले. मग बोल्ट आधी किंचित आवळला, नंतर सैल केला, पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. दहा मिनिटांत तो हातात आला. नव्या बोल्टच्या आट्यांना जाम न होण्याचा लेप लावला. (चाकांच्या नटांना मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याशिवाय तो लावू नये.)

आमचे म्हणणे असे, की ब्रश मारणे, तेल घालणे, तीन दिवस आठवण ठेवणे ही मुलांनी करण्यासारखी कामे आहेत. आई म्हणते, गॅरेजमध्ये धोका असतो. ते खरे आहे, आणि आम्ही नियम मान्य करतो. डोळ्यांना चष्मा हवाच. गाडी नुसत्या जॅकवर असेल तर तिच्याखाली कोणीच जायचे नाही, बाबांनीसुद्धा. आग लावून बोल्ट तापवायचे काम मोठ्यांचे, आणि पेट्रोलच्या नळ्या किंवा रबर जवळ असेल तर तेही करू नये. बोल्टवर मारलेले तेलही पेट घेते.

दुसरे म्हणजे, थांबायचे कुठे हे आधी ठरवावे. ब्रेकचा बोल्ट सुटत नसेल तर वर्कशॉपला पैसे द्यावेत. त्यात कमीपणा नाही.

तिसरे कारण या वर्गाचेच आहे. आम्हाला फळाफुलांची मराठी नावे येतात. पण पाना, पक्कड, कानस, छिन्नी हे शब्द आम्हाला त्या शनिवारी मिळाले. "आटे गेले" म्हटल्यावर आम्हाला आधी इंडियन स्टोअरमधली कणकेची पिशवी आठवली होती! काम करताना बाबा आपोआप मराठीत बोलतात. आम्हाला आत पाठवले की ते बोलणे आमच्या कानावर पडत नाही.

म्हणून सर्व बाबांना (आणि ज्या आया गाडी दुरुस्त करतात त्यांनाही) विनंती, की बर्फ पडण्याआधी काम निघणार असेल तर बुधवारीच तेल घाला. ते घालायला आम्हाला बोलवा. आणि रविवारी सकाळी गाडी उघडू नका, कारण आम्हाला वर्गाला यायचे असते.