विजेच्या बिलाचं गणित

मैत्रिणींनो, विजेचं बिल आलं की आपण खालचा आकडा पाहतो आणि घरभर दिवे मालवत सुटतो. आधी बिल नीट वाचा. महावितरणच्या घरगुती बिलात ‘स्थिर आकार’ असतो. घराला कुलूप लावून महिनाभर माहेरी राहिलात, तरी तो चुकत नाही. काटकसर करायची ती युनिटांत.

युनिटांचे टप्पे असतात : १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. ‘शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटांना चढा दर’ ही समजूत चुकीची बरं का! १२० युनिटं झाली, तर चढा दर वरच्या २० युनिटांनाच लागतो. पहिली १०० स्वस्तच राहतात.

मग ही २० वाचवायची कुठे? २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास पाणी तापवतो, तेव्हा एक युनिट जातं. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा शंभराहून अधिक तास जळतो! गीझर रोज वीस मिनिटं कमी तापवला, तर महिन्याला २० युनिटं वाचली.

तेव्हा मुलांच्या अभ्यासाच्या खोलीतला दिवा खुशाल जळू द्या. गीझरच्या बटणावर मात्र नजर ठेवा.