घरी निघालेल्यांची बोट

युद्ध संपले की मरणही थांबते, असे आपण समजतो. १८६५ च्या एप्रिलमध्ये 'सुलताना' या वाफेच्या बोटीत चढलेल्या अमेरिकन सैनिकांनाही तसेच वाटले असेल. यादवी युद्ध सरत आले होते. दक्षिणेच्या अँडरसनव्हिल आणि कहाबा येथल्या बंदिछावण्यांतून सुटलेली ही उत्तरेची माणसे. उपासमारीने आणि आजारांनी खंगलेली. विक्सबर्गच्या धक्क्यावरून मिसिसिपी नदीतून ती घराकडे निघाली.

बोटीला परवानगी होती ३७६ जणांची. चढवले गेले दोन हजारांहून अधिक! सरकार माणशी भाडे देत होते. जितकी डोकी, तितका पैसा. त्यात एक बॉयलर गळत होता. कारागिराने मोठी दुरुस्ती सुचवली. पण तेवढे थांबायचे तर हे उतारू दुसऱ्या बोटींना मिळणार. मग पत्र्याचे ठिगळ मारून काम भागवण्यात आले.

२७ एप्रिलच्या रात्री दोनच्या सुमारास, मेम्फिस मागे टाकून बोट काही मैल गेली असताना बॉयलर फुटले. नदीला पूर आलेला, पाणी बर्फासारखे गार. आगीतून सुटला तो पाण्यात सापडला. मृतांचे अंदाज अकराशेपासून अठराशेपर्यंत जातात. 'टायटॅनिक' पोराटोरांनाही ठाऊक असते; 'सुलताना'चे नाव किती जणांनी ऐकले आहे? अध्यक्ष लिंकन यांची हत्या होऊन दोनच आठवडे झाले होते, आदल्याच दिवशी त्यांचा मारेकरी ठार झाला होता. वर्तमानपत्रांना या गरीब शिपायांसाठी जागा कुठली?

स्फोट नेमका कशाने झाला, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. ३७६ च्या जागी दोन हजार माणसे कोंबली, याबद्दल मात्र वाद नाही. कप्तान मेसन बोटीबरोबरच गेला. फ्रेडरिक स्पीड या लष्करी अधिकाऱ्यावर खटला चालला, तो दोषी ठरला आणि पुढे तो निकालही रद्द झाला. शिक्षा कोणालाच झाली नाही.

मला या कथेत खलनायक शोधावासा वाटत नाही. एकाने ठिगळ चालवून घेतले, दुसऱ्याने गर्दी, तिसऱ्याने कागदावर सही केली. प्रत्येकाने 'चालेल' म्हटले. हा शब्द आपल्याही ओठांवर किती सहज येतो! शत्रूच्या छावणीतून जे जिवंत परतले, त्यांना या एका शब्दाने बुडवले.